बड फाउलर

बड फाउलर (मूळ नाव : जॉन डब्ल्यू. जॅक्सन, जन्म : १६ मार्च १८५८, फोर्ट प्लेन, न्यू यॉर्क, मृत्यू : २६ फेब्रुवारी १९१३, फ्रँकफोर्ट, न्यू यॉर्क) हे अमेरिकन बेसबॉलपटू, संघव्यवस्थापक आणि संघटक होते. संघटित व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळलेले पहिले आफ्रिकन-अमेरिकन खेळाडू म्हणून ते ओळखले जातात. त्यांची बहुतेक कारकीर्द अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतील छोट्या, प्रादेशिक आणि अल्पायुषी मायनर लीगमध्ये गेली. यांतील अनेक लीग एक-दोन हंगामांत, तर काही हंगामाच्या मध्यातच बंद पडल्या. अशा लीगमुळे फाउलर यांना खेळण्याची संधी मिळत गेली आणि त्यांच्या अस्थैर्यामुळे ती वारंवार हातची जातही राहिली. १८८७ नंतर वर्णभेदाची अलिखित बंदी दृढ होत गेली, तरीही १८९५ पर्यंत ते श्वेतवर्णीय खेळाडूंच्या संघांतून खेळत राहिले. मृत्यूनंतर १०८ वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, अमेरिकेतील राष्ट्रीय बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी त्यांची निवड झाली.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकातील मायनर लीग

अमेरिकेत १८७६ मध्ये नॅशनल लीगची स्थापना झाली आणि मोठ्या शहरांतील व्यावसायिक बेसबॉलला स्थिर स्वरूप येऊ लागले. त्याखालच्या स्तरावर लहान शहरांनी आपापल्या प्रदेशापुरत्या लीग उभारल्या. त्यांना पुढे मायनर लीग, म्हणजे दुय्यम लीग, हे नाव रूढ झाले. १८८३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय करारानुसार करारात सामील लीगनी परस्परांच्या खेळाडूंना फोडायचे नाही असे ठरले. या व्यवस्थेलाच ‘संघटित बेसबॉल’ असे म्हणतात.

लहान लीगचे अर्थकारण अतिशय नाजूक असे. गावातील व्यापारी, हॉटेलचालक, कारखानदार आणि हौशी नागरिक वर्गणी किंवा भाग गोळा करून संघ उभा करीत. खेळाडूंचे वेतन, रेल्वेचे भाडे, मुक्कामाचा खर्च आणि पाहुण्या संघाचा वाटा हे सारे प्रामुख्याने तिकिटविक्रीतून भागवावे लागे. संघ सतत हरू लागला किंवा पावसाने सामने वाहून गेले, की प्रेक्षक रोडावत आणि महिना-दोन महिन्यांत तिजोरी रिकामी होई. एका संघाने माघार घेतली की बाकीच्यांचे वेळापत्रक कोलमडे, त्यांचाही प्रवासखर्च वाढे आणि पाहता पाहता संपूर्ण लीग विसर्जित होई. अशा वेळी खेळाडूंचे करार निरर्थक ठरत आणि त्यांना दुसऱ्या गावी काम शोधावे लागे.

या अस्थिरतेत श्वेतवर्णीय खेळाडूही भरडले जात. परंतु त्यांच्यापैकी गुणवान खेळाडूंना वरच्या स्तरावरील संघांचे दार उघडे होते. कृष्णवर्णीय खेळाडूसाठी ते दार जवळजवळ बंद होते. त्यामुळे एखादी लीग कोसळली की त्याला वर जाता येत नसे. त्याच स्तरावरील, बहुधा तितकीच दुर्बळ अशी दुसरी लीग गाठावी लागे. फाउलर यांच्या कारकिर्दीत संघांची संख्या एवढी मोठी का आहे, याचे उत्तर या परिस्थितीत सापडते.

बालपण

फाउलर यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील फोर्ट प्लेन या गावी झाला. त्यांचे वडील न्हाव्याचा व्यवसाय करीत. जॉन लहान असतानाच जॅक्सन कुटुंब जवळच्या कूपरस्टाउन या गावी स्थायिक झाले. तेथेच त्यांचे बालपण गेले आणि तेथेच त्यांना बेसबॉलची गोडी लागली. बेसबॉलचा जन्म कूपरस्टाउनमध्ये झाला अशी आख्यायिका विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसृत झाली. इतिहासकारांनी ती पुढे अमान्य केली असली, तरी तिच्यामुळेच १९३९ मध्ये हॉल ऑफ फेमची वास्तू या गावी उभी राहिली.

वडिलांचा व्यवसाय मुलानेही आत्मसात केला. हंगाम नसताना किंवा संघ बंद पडला असता फाउलर केशकर्तनाचे काम करून उदरनिर्वाह करीत. व्यावसायिक खेळाडू म्हणून ते जॉन फाउलर या नावाने वावरले. इतर खेळाडूंना ते ‘बड’ (दोस्त) असे संबोधत असत, त्यावरून तेच टोपणनाव त्यांना चिकटले.

कारकिर्दीचा आरंभ (१८७८–१८८३)

एप्रिल १८७८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, फाउलर मॅसॅच्युसेट्स राज्यातील चेल्सी येथील संघातून पिचर म्हणून खेळत होते. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. त्याचे स्थान क्रिकेटमधील गोलंदाजासारखे असते. २४ एप्रिल रोजी झालेल्या प्रदर्शनीय सामन्यात त्यांच्या संघाने बॉस्टनच्या संघाला २–१ असे हरविले. बॉस्टनचा संघ आदल्या वर्षीचा नॅशनल लीगचा विजेता होता आणि त्यांचा पिचर टॉमी बाँड हा त्या काळातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक होता. या विजयामुळे फाउलर यांच्याकडे लक्ष वेधले गेले.

पुढच्याच महिन्यात लिन येथील लाइव्ह ओक्स या संघाने त्यांना पाचारण केले. हा संघ इंटरनॅशनल असोसिएशन या संघटनेचा सदस्य होता. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतील संघ असलेली ही संघटना सर्वांत आरंभीच्या मायनर लीगपैकी एक मानली जाते. १७ मे १८७८ रोजी कॅनडातील लंडन येथील टेकमसेज संघाविरुद्ध फाउलर यांनी पिचिंग केले. लाइव्ह ओक्स आघाडीवर असताना वाद निर्माण होऊन प्रतिस्पर्ध्यांनी मैदान सोडले आणि सामना लिनच्या संघाला बहाल करण्यात आला. संघटित बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय व्यावसायिक खेळाडूच्या सहभागाचा इतिहास या सामन्यांपासून सुरू होतो.

त्यानंतर ते वूस्टर, मॉल्डन इत्यादी ठिकाणी खेळले. १८८१ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ येथील मेपल लीफ्स या संघाने त्यांना बोलावून घेतले. मात्र संघातील काही खेळाडूंनी कृष्णवर्णीय सहकाऱ्यासोबत खेळण्यास नकार दिल्याने त्यांना तेथून जावे लागले. ते जवळच्या पेट्रोलिया येथील संघात दाखल झाले. नेमणूक, सहकाऱ्यांचा विरोध आणि दुसऱ्या गावाचा शोध हा क्रम पुढील काळात अनेकदा घडला.

स्टिलवॉटर (१८८४)

१८८४ मध्ये फाउलर मिनेसोटा राज्यातील स्टिलवॉटर या लाकूडव्यापाराच्या गावी गेले. तेथील नवा संघ नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये खेळत असे. याच लीगच्या मार्च १८८३ मधील बैठकीत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी घालण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. त्याचा रोख टोलेडो संघाचे कॅचर मोझेस फ्लीटवुड वॉकर यांच्यावर होता. बैठकीत चर्चा होऊन प्रस्ताव मागे घेण्यात आला. १८८४ मध्ये टोलेडोचा संघ वरच्या स्तरावरील अमेरिकन असोसिएशनमध्ये गेला आणि त्याच्यासह वॉकरही तेथे पोहोचले. अशा रीतीने एकाच वर्षी वॉकर वरच्या स्तरावर, तर फाउलर मायनर लीगमध्ये खेळत होते.

स्टिलवॉटरच्या संघाची सुरुवात अत्यंत वाईट झाली. सलग १६ पराभवांनंतर फोर्ट वेन संघाविरुद्ध पहिला विजय मिळाला, त्या दिवशी पिचर फाउलर होते. त्याबद्दल त्यांना १० डॉलर आणि कपड्यांचा एक जोड बक्षीस देण्यात आला. संघात खेळाडूंची टंचाई असल्याने ते पिचर, कॅचर तसेच मैदानातील इतर जागांवरही खेळले.

तथापि गावाची आर्थिक कुवत लीगच्या विस्तारापुढे तोकडी होती. नॉर्थवेस्टर्न लीगने त्या वर्षी मिशिगन, इलिनॉय, इंडियाना, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या पाच राज्यांत पसरलेल्या १२ संघांसह हंगाम सुरू केला होता. इतक्या दूरच्या रेल्वेप्रवासाचा खर्च लहान गावांना झेपला नाही. ऑगस्टच्या आरंभी स्टिलवॉटरचा संघ विसर्जित झाला. त्या सुमारास इतर संघही एकामागून एक बाहेर पडले आणि हंगामअखेर लीग मोडकळीस आली.

किओकक ते टोपेका (१८८५–१८८६)

१८८५ मध्ये आयोवा राज्यातील किओकक येथे फाउलर यांना पुन्हा संधी मिळाली. तेथे ते सेकंड बेसमन म्हणून स्थिरावले आणि प्रेक्षकांत लोकप्रियही झाले. वेस्टर्न लीगमधील ओमाहा संघाची जागा रिकामी होताच किओककच्या संघाला त्या लीगमध्ये प्रवेश मिळाला. परंतु थोड्याच दिवसांत संपूर्ण लीग बंद पडली. फाउलर यांचा खेळ उत्तम असूनही त्यांना पुन्हा बेकार व्हावे लागले. देशातील सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडूंत त्यांची गणना होऊ शकते आणि ते गोऱ्या वर्णाचे असते तर वरच्या स्तरावर असते, अशा आशयाचा अभिप्राय त्या वर्षी एका क्रीडा साप्ताहिकाने नोंदविला होता. त्यानंतर ते कोलोरॅडो राज्यात गेले आणि तेथील संघांतून खेळले.

१८८६ मध्ये वेस्टर्न लीग नव्याने उभी राहिली. कॅन्सस राज्यातील टोपेका संघातून खेळताना फाउलर यांची फटक्यांची सरासरी .३०९ होती. फलंदाजीच्या एकूण संधींपैकी यशस्वी फटक्यांचे प्रमाण दर्शविणारा हा आकडा .३०० च्या वर गेला की खेळाडू उत्तम समजला जातो. थेट तिसरा बेस गाठून देणाऱ्या फटक्यांच्या संख्येत ते त्या वर्षी लीगमध्ये पहिले होते.

बिंगहॅम्टन आणि वर्णभेदाची रेषा (१८८७)

फाउलर यांच्या कारकिर्दीतील निर्णायक वर्ष १८८७ होय. त्या वर्षी ते न्यू यॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन संघातून इंटरनॅशनल लीगमध्ये खेळले. ही लीग मायनर लीगपैकी वरच्या दर्जाची मानली जाई. त्या हंगामात लीगच्या वेगवेगळ्या संघांत अनेक कृष्णवर्णीय खेळाडू होते. बफलो संघात फ्रँक ग्रँट, नेवार्क संघात जॉर्ज स्टोव्ही व फ्लीटवुड वॉकर, सिराक्यूज संघात रॉबर्ट हिगिन्स, तर बिंगहॅम्टनमध्ये फाउलर यांच्यासह विल्यम रेन्फ्रो खेळत होते. एखाद्या लीगमध्ये वर्णसमावेशकतेची इतकी मजल त्यापूर्वी गेली नव्हती.

फाउलर यांनी ३४ सामन्यांत .३५० च्या सरासरीने खेळ केला आणि २३ वेळा बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता प्रतिस्पर्ध्यांची नजर चुकवून पुढचा बेस गाठला. परंतु बिंगहॅम्टनच्या नऊ खेळाडूंनी संघचालकांना तार पाठवून, कृष्णवर्णीय खेळाडूंना दूर न केल्यास आपण खेळणार नाही, असे कळविले. जूनच्या अखेरीस फाउलर यांना मुक्त करण्यात आले. त्याच लीगमधील अन्य संघाशी करार करायचा नाही, अशी अटही त्यांना घालण्यात आली. त्यामुळे संघ सुटला आणि त्याबरोबर त्या लीगमध्ये पुन्हा खेळण्याचा मार्गही बंद झाला.

१४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांची बफलो येथे बैठक झाली. कृष्णवर्णीय खेळाडूंचे नवे करार यापुढे मंजूर न करण्याचा ठराव सहा विरुद्ध चार मतांनी संमत झाला. ज्या संघांत असे खेळाडू नव्हते, त्यांनी ठरावाच्या बाजूने मतदान केले. त्याच दिवशी नेवार्क येथे, शिकागो संघाचे कर्णधार कॅप अॅन्सन यांच्या आक्षेपामुळे स्टोव्ही यांना प्रदर्शनीय सामन्यात उतरविण्यात आले नाही. वरच्या स्तरावर लेखी बंदी कधीच जाहीर झाली नाही. संघमालकांच्या परस्परसंमतीनेच ही रेषा आखली गेली आणि टिकली. फाउलर यांना घालवूनही बिंगहॅम्टनच्या संघाचे भले झाले नाही. हंगाम पूर्ण होण्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, तो संघ विसर्जित झाला.

त्याच वर्षी कृष्णवर्णीय संघांच्या स्वतंत्र लीगचाही एक प्रयोग झाला. मे १८८७ मध्ये सुरू झालेली ही लीग राष्ट्रीय कराराखाली मान्यता मिळूनही भांडवल आणि प्रेक्षक यांच्या अभावी जेमतेम दोन आठवडे चालली. फाउलर यांच्यासारख्या खेळाडूपुढील पेच त्यामुळे आणखी बिकट झाला. श्वेतवर्णीयांच्या सशक्त लीग त्यांना नाकारीत होत्या आणि कृष्णवर्णीयांची लीग उभी राहण्याइतके आर्थिक बळ अद्याप निर्माण झाले नव्हते. उरले होते ते केवळ छोट्या, दुर्बळ आणि खेळाडूंची निकड असलेल्या प्रादेशिक लीगचे क्षेत्र.

छोट्या लीगमधील भ्रमंती (१८८७–१८९२)

बिंगहॅम्टन सोडल्यावर फाउलर व्हर्मॉन्ट राज्यातील मॉन्टपिलियर संघात गेले. १८८८ मध्ये ते इंडियाना राज्यात सेंट्रल इंटरस्टेट लीगमध्ये खेळले. तेथे क्रॉफर्ड्सव्हिलचा संघ हंगामाच्या मध्यातच टेरे हॉट या शहरात हलविण्यात आला. परंतु स्थलांतरानेही तो तगला नाही. त्याच वर्षी पुढे ते दूरच्या न्यू मेक्सिको प्रदेशातील सांता फे येथे खेळताना आढळतात. १८८९ चा हंगाम मात्र तुलनेने सुखाचा गेला. मिशिगन स्टेट लीगमधील ग्रीनव्हिल संघातून त्यांना ९० हून अधिक सामने खेळता आले. १८९० मध्ये गेल्सबर्ग, स्टर्लिंग आणि बर्लिंग्टन अशा तीन गावांच्या संघांतून त्यांनी खेळ केला.

१८९२ मधील नेब्रास्का स्टेट लीग हे या प्रकारच्या लीगचे बोलके उदाहरण आहे. लिंकन, बिअट्रिस, फ्रीमाँट, ग्रँड आयलंड, हेस्टिंग्ज, कर्नी आणि प्लॅट्समथ अशा एकाच राज्यातील गावांची ही लीग होती. लिंकन हे राजधानीचे शहर सोडल्यास बहुतेक गावे लहान होती. तेथे चांगल्या खेळाडूंची वाण असल्याने संघचालकांनी वर्णाचा विचार बाजूला ठेवला आणि अनेक संघांत मिळून अर्धा डझनाच्या आसपास कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतले. इंटरनॅशनल लीगच्या ठरावाला पाच वर्षे होऊन गेल्यावर घडलेली ही गोष्ट होती. फाउलर यांनी या लीगमध्ये लिंकन आणि कर्नी येथील संघांतून भाग घेतला. मात्र पुरेशा उत्पन्नाअभावी जुलैमध्येच ही लीग बंद पडली. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय खेळाडू एकत्र खेळण्याचा हा प्रयोग कोणी न मोडताच संपला. त्यात सामील असलेल्या बहुतेक कृष्णवर्णीय खेळाडूंना संघटित बेसबॉलमध्ये पुन्हा जागा मिळाली नाही.

पेज फेन्स जायंट्स (१८९४–१८९५)

१८९३ पासून फाउलर यांचा मुक्काम प्रामुख्याने ओहायो राज्यातील फिंडले येथे होता. तेथील संघात त्यांची तरुण फलंदाज ग्रँट जॉन्सन यांच्याशी मैत्री झाली. जॉन्सन पुढे ‘होम रन’ जॉन्सन या नावाने प्रसिद्ध झाले. लीगवर विसंबून राहण्यात अर्थ नाही हे दोघांनाही अनुभवाने कळले होते. म्हणून १८९४ च्या शरद ऋतूत त्यांनी कोणत्याही लीगचा सदस्य नसलेला, गावोगाव फिरून सामने खेळणारा कृष्णवर्णीय खेळाडूंचा संघ काढण्याचे ठरविले.

मिशिगन राज्यातील एड्रियन येथील पेज वोव्हन वायर फेन्स या तारेची कुंपणे बनविणाऱ्या कंपनीने या संघाला आश्रय दिला आणि संघाचे नाव पेज फेन्स जायंट्स असे ठेवण्यात आले. एका सायकल कंपनीनेही साहाय्य केले. संघासाठी झोपण्याची आणि जेवणाची सोय असलेला स्वतंत्र रेल्वे डबा होता. कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली नाकारली जाण्याच्या काळात ही व्यवस्था केवळ आरामाची नव्हती, तर प्रवास शक्य करणारी होती. सामन्याच्या दिवशी खेळाडू गणवेशात सायकलींवरून गावातून फेरी काढीत. त्यातून कंपनीची जाहिरात होई आणि सामन्याला गर्दीही जमे. एप्रिल १८९५ मध्ये या संघाने नॅशनल लीगमधील सिनसिनाटी संघाशी दोन सामने खेळले. दोन्हींत पराभव झाला, तरी संघाचे नाव सर्वत्र झाले. त्या वर्षी संघाने शंभराहून अधिक सामने जिंकले.

फाउलर यांनी मात्र जुलै १८९५ मध्ये स्वतः उभारलेला हा संघ सोडला आणि मिशिगन स्टेट लीगमध्ये एड्रियन व लॅन्सिंग येथील संघांतून खेळ केला. संघटित बेसबॉलमधील हा त्यांचा अखेरचा हंगाम ठरला. त्यांनी या क्षेत्रात सुमारे दहा हंगाम पूर्ण केले होते. वर्णभेदाची रेषा मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सन यांची कारकीर्द १९५६ मध्ये संपेपर्यंत इतके हंगाम दुसऱ्या कोणाही कृष्णवर्णीय खेळाडूने खेळले नव्हते. पेज फेन्स जायंट्स हा संघ १८९८ पर्यंत टिकला. एखाद्या कंपनीच्या आश्रयाने फिरणाऱ्या संघाचा त्याने घालून दिलेला नमुना पुढील कृष्णवर्णीय संघांना उपयोगी पडला.

उत्तरायुष्य आणि निधन

१८९५ नंतर काही वर्षे फाउलर फिंडले परिसरातील स्वतंत्र संघांतून खेळले. नव्या शतकात त्यांनी पिट्सबर्ग येथील स्मोकी सिटी जायंट्स, ऑल-अमेरिकन ब्लॅक टूरिस्ट्स आणि कॅन्सस सिटी स्टार्स असे संघ उभारण्याचे प्रयत्न केले. टूरिस्ट्स संघातील खेळाडूंनी लांब कोट, उंच टोप्या आणि रेशमी छत्र्या अशा थाटात मैदानात उतरावे, अशी त्यांची कल्पना होती. प्रेक्षकांची करमणूक झाल्याखेरीज पैसा जमत नाही, हे दुर्बळ लीगमध्ये शिकलेले व्यवहारज्ञान त्यामागे दिसते. तथापि पुरेशा भांडवलाअभावी यांतील एकही उपक्रम दीर्घकाळ चालला नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती खालावली आणि आर्थिक स्थितीही हलाखीची झाली. त्यांच्या मदतीसाठी निधी-सामना भरविण्याचा विचार मांडला गेला. पण तो तडीस गेला नाही. २६ फेब्रुवारी १९१३ रोजी फ्रँकफोर्ट येथे बहिणीच्या घरी रक्तक्षयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५४ वर्षांचे होते. त्यांना तेथील ओक व्ह्यू दफनभूमीत पुरण्यात आले. थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

खेळशैली

आरंभी पिचर असलेले फाउलर पुढे प्रामुख्याने सेकंड बेसवर खेळले. मैदानातील जवळजवळ प्रत्येक जागेवर खेळण्याची त्यांची क्षमता लहान संघांना विशेष मोलाची वाटे, कारण अशा संघांत मोजकेच खेळाडू असत. सेकंड बेसवरील खेळाडूला धावत घसरत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचा सामना करावा लागतो. काही श्वेतवर्णीय खेळाडू बुटांचे खिळे मुद्दाम रोखून अंगावर येत असल्याने फाउलर नडग्यांना लाकडी पट्ट्या बांधून खेळत, असे समकालीन वृत्तपत्रांत नमूद आहे. ते हातमोज्याविना झेल घेण्यात आणि चपळ धावण्यात निष्णात होते.

चरित्रविषयक संशोधन

फाउलर यांच्याविषयीची माहिती दीर्घकाळ विखुरलेली आणि सदोष होती. सोल व्हाइट यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृष्णवर्णीय बेसबॉलच्या इतिहासात त्यांचा गौरवाने उल्लेख आहे. परंतु नंतरच्या अनेक पुस्तकांत ते १८७२ मध्येच पेनसिल्व्हेनियातील न्यू कॅसल येथे व्यावसायिक खेळाडू झाले, असे लिहिले गेले. समकालीन पुरावा न सापडल्याने हे विधान आता ग्राह्य धरले जात नाही. स्वतः फाउलर यांनीही वार्ताहरांना सांगितलेल्या आठवणींत बरीच अतिशयोक्ती होती.

अल्पायुषी लीगचे स्वरूपही या उणिवेला कारणीभूत आहे. हंगाम अर्ध्यावर मोडला की अधिकृत आकडेवारी बहुधा संकलितच होत नसे. त्यामुळे फाउलर यांचे अनेक सामने केवळ स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतून शोधावे लागले. हे काम प्रामुख्याने सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च या संस्थेच्या सदस्यांनी केले. संस्थेचे संस्थापक रॉबर्ट डेव्हिड्स यांचा त्यात महत्त्वाचा वाटा आहे.

सन्मान

१९८७ मध्ये वरील संस्थेने फ्रँकफोर्ट येथील थडग्यावर स्मृतिशिला बसविली. २०१३ मध्ये कूपरस्टाउन येथे डबलडे फील्ड या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला ‘फाउलर वे’ असे नाव देण्यात आले आणि तेथे त्यांचा स्मृतिफलक लावण्यात आला. ५ डिसेंबर २०२१ रोजी बेसबॉलच्या आरंभकाळाचा विचार करणाऱ्या समितीने हॉल ऑफ फेमसाठी त्यांची निवड केली. त्याच दिवशी बक ओ’नील यांचीही निवड जाहीर झाली. २४ जुलै २०२२ रोजी कूपरस्टाउन येथे झालेल्या समारंभात माजी खेळाडू डेव्ह विनफिल्ड यांनी फाउलर यांच्या वतीने भाषण केले. अशा रीतीने कूपरस्टाउन गावात वाढलेल्या या खेळाडूला त्याच गावातील सन्मानदालनात स्थान मिळाले.

महत्त्व

फाउलर वरच्या स्तरावरील लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत. तसेच १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली, तेव्हा त्यांच्या निधनाला सात वर्षे झाली होती. त्यामुळे अधिकृत विक्रमांच्या कोणत्याही प्रमुख यादीत त्यांचे नाव ठळकपणे दिसत नाही. त्यांचे महत्त्व या दोन कालखंडांमधील पोकळी भरून काढण्यात आहे.

बेसबॉलमधील वर्णभेद सुरुवातीपासून अटळ होता, असा समज त्यांच्या चरित्रामुळे दूर होतो. १८७८ ते १८९५ या काळात लिन, स्टिलवॉटर, किओकक, टोपेका, ग्रीनव्हिल यांसारख्या गावांनी कृष्णवर्णीय खेळाडूला आपल्या संघात घेतले आणि त्याच्या खेळाला दादही दिली. ही गावे विशेष उदारमतवादी होती असे नव्हे. त्यांना चांगल्या खेळाडूची गरज होती. लीग जसजशा संपन्न आणि संघटित होत गेल्या, तसतशी ही गरज कमी झाली आणि बंदी कडक होत गेली. दुर्बळ लीगनी दिलेली संधी त्या लीगच्या आयुष्याइतकीच टिकली. त्या मर्यादेत सुमारे दोन दशके खेळत राहून फाउलर यांनी कृष्णवर्णीय व्यावसायिक बेसबॉलचा पाया घातला आणि ग्रँट जॉन्सन यांच्यासारख्या पुढील पिढीच्या खेळाडूंना स्वतःचे संघ उभारण्याची वाट दाखविली.